रात्री अकरानंतर भडंगाच्या डब्याकडे जाणारा हात कसा आवरावा?

वह्यांचा ढीग (सांगली), ४ ऑगस्ट, रात्री ११.५०

सर्वांना नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबाग भागात राहते आणि एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ४४. घरी यजमान, सासूबाई आणि यंदा दहावीला असलेला मुलगा आहे. अडचण तशी ओशाळवाणी आहे, म्हणून ओळखीच्या कोणापाशी बोलण्यापेक्षा इथे लिहीत आहे.

रात्री नऊला आम्ही सगळे एकत्र जेवतो. साडेदहापर्यंत ओटा आवरून होतो, सासूबाई त्यांच्या खोलीत जातात आणि मी स्वयंपाकघरातल्याच टेबलावर वह्या किंवा घटक चाचणीचे पेपर घेऊन बसते. पहिल्या दहा-बारा वह्या होईपर्यंत काही जाणवत नाही. त्यानंतर केव्हातरी मी उठते आणि फडताळातला भडंगाचा डबा काढते. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा आहे. झाकण सरळ ओढले तर ‘टण्’ असा आवाज होतो, आणि शेजारच्या खोलीतल्या सासूबाईंची झोप फार सावध आहे. म्हणून डाव्या अंगठ्याने कड दाबून धरून उजव्या हाताने झाकण हळूहळू फिरवत काढण्याचे कसब मला आता इतके साधले आहे, की त्या कसबाचीच लाज वाटते. आधी एक मूठ घेते, मग दुसरी, आणि तिसऱ्या खेपेला डबाच टेबलावर येतो. शेवटी शेवटी तर चुरमुरे बाजूला सारून तळाशी गेलेल्या तळलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि शेंगदाणे बोटांनी शोधणे चालते. मागच्या महिन्यात एका मुलीच्या निबंधावर तिखट-तेलाचे बोट उमटले आणि दुसऱ्या दिवशी तिने वर्गात विचारले, “बाई, इथे काय चुकलं आहे?”

दोन वर्षांत वजन सहा किलोंनी वाढले आहे. सकाळी घशाशी आंबट येते. मे महिन्यात तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, रात्रीचे खाणे बंद करा, एवढे सांगून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला बोलावले.

मी काय काय करून पाहिले तेही सांगते. जेवणानंतर लगेच दात घासून पाहिले. आठवडाभर उपयोग झाला, मग पुन्हा घासायचे ठरवून खाऊ लागले. डबा वरच्या फळीवर ठेवला तर स्टूल घेऊन चढले. भडंग आणणेही बंद केले, तरी डबा भरलेलाच असतो. यजमान येता-जाता आणत असावेत. त्यांना अडवायचे तर कारण सांगावे लागेल. कोणाची ही सवय खरोखर सुटली असेल तर ती कशी सुटली, हे सविस्तर कळवावे. मनाचा निश्चय करा, असे कृपया कोणी लिहू नये. तो मी दर रविवारी करते.

---

आहारतज्ज्ञ (सातारा), ५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

बाई, निश्चयाविषयी मी काहीच लिहिणार नाही. मला आधी हे सांगा, की सकाळी उठल्यापासून रात्री नऊपर्यंत आपण नेमके काय खाता? ते आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात रात्रीच्या खाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण ते लिहीतच नाहीत.

---

वह्यांचा ढीग, ५ ऑगस्ट, दुपारी ४.१०

सकाळी सगळ्यांचे डबे करण्याच्या गडबडीत चहा आणि दोन खारी. दीडच्या सुट्टीत दोन पोळ्या-भाजी, पण सुट्टी पंचवीस मिनिटांची, त्यात मैदानावर लक्ष ठेवण्याची पाळी असली की एक पोळी तशीच परत येते. साडेपाचला घरी आल्यावर चहा. नऊला भात, आमटी, असेल ती भाजी, एखादी पोळी.

---

आहारतज्ज्ञ (सातारा), ५ ऑगस्ट, रात्री ८.०५

म्हणजे दीडपासून नऊपर्यंत साडेसात तास आपण एक-दीड पोळी आणि कपभर चहा यांवर काढता, तेही शाळेत उभे राहून आणि बोलून. शरीर ही उधारी विसरत नाही. दिवसा वसूल करता आली नाही, तर ते रात्री घर शांत झाल्यावर वसूल करते. त्यामुळे रात्रीच्या डब्याशी भांडण्याआधी सकाळची खारी आणि संध्याकाळचा नुसता चहा यांचे काहीतरी केले पाहिजे.

यात शरीराच्या घड्याळाचाही भाग आहे. भुकेला स्वतःची दैनंदिन लय असते. प्रयोगशाळेत मंद प्रकाशात, बाहेरच्या वेळेचा सुगावा लागू न देता माणसांना ठेवून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. म्हणजे सकाळी ‘मला काही जात नाही’ असे आपल्याला वाटते ते खोटे नाही. पण त्या वाटण्यावर विसंबून राहिले, की दिवस रिकामा जातो आणि रात्र भरते. शिवाय अंधार पडल्यावर शरीराला रात्र झाल्याची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन तुलनेने कमी स्रवते आणि शरीरही त्याला सकाळइतकी दाद देत नाही. तेच ताट सकाळी खाल्ल्यावर साखर जितकी वाढते, त्याहून ती रात्री अधिक वाढते. आपला आकडा ६.१ असताना हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही, ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात आणि तो मागे फिरू शकतो.

बोस्टनमध्ये २०२२ साली झालेला एक प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगतो. वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच जेवण, त्याच मापाने, एकदा लवकरच्या वेळापत्रकाने आणि एकदा सुमारे चार तास उशिराने दिले. उशिराच्या वेळापत्रकात त्यांना भूक अधिक लागली, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी झाले आणि शरीराने ऊर्जाही थोडी कमी जाळली. म्हणजे उशिरा खाल्ल्याने भूक शमण्याऐवजी दुसऱ्या दिवसाची भूक वाढते.

आता प्रत्यक्ष काय करावे? सकाळी चहाबरोबर मुगाचे एक जाड धिरडे किंवा थालीपीठ-दही, अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी. खारी बंद, ती मैदा आणि वनस्पती तूप यांची हवा आहे. साडेपाचला वाटीभर मोडाची मटकी किंवा भाजलेले चणे आणि ताक. ही साडेपाचची वाटी सर्वांत महत्त्वाची आहे, हे मी पुन्हा लिहितो. रात्री भात निम्मा करून आमटी दुप्पट करा, आणि जमल्यास जेवण आठला आणा. भडंगावर माझा राग नाही (माझ्या घराखालीच कंदी पेढ्यांचे दुकान आहे, त्यामुळे उपदेश करण्याचा मला फारसा अधिकारही नाही), पण त्यातले चुरमुरे हलके असले तरी तेल आणि शेंगदाणे हलके नसतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात. डब्यातून खाताना हे माप कधीच लक्षात येत नाही.

---

बेदाणा (तासगाव), ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

भडंगाऐवजी मूठभर बेदाणे ठेवावेत. पौष्टिक असतात, गोड खाण्याची इच्छाही भागते. आमच्याकडे सगळे तेच करतात.

---

पाणीपाळी (वाळवा तालुका), ६ ऑगस्ट, पहाटे ५.१५

ताई, मी ऊस करतो. आमच्याकडे शेतीची लाइट आठवडाआड दिवसा आणि रात्री असते, त्यामुळे उन्हाळ्यात मला एक आठवडा रात्रभर मोटारीपाशी जागावे लागते आणि दुसऱ्या आठवड्यात घरी झोपायला मिळते. या अदलाबदलीतून मला जे समजले ते लिहितो, उपयोगी वाटले तर पाहावे.

रात्रीच्या आठवड्यात मी बारा वाजता बांधावर बसून शाळूची भाकरी, ठेचा आणि कांदा खातो. दोन सरी पाणी धरून झालेले असते, पाय चिखलात गारठलेले असतात, आणि ती भूक खरी असते. पण आठवडा संपून दिवसाची लाइट आली आणि मी घरी झोपू लागलो, की पहिले तीन दिवस बरोबर बाराच्या सुमारास जाग येऊन पोटात तसेच कालवते. त्या दिवशी काही काम केलेले नसते, जेवण पोटभर झालेले असते, तरी पोट त्या वेळेला हजेरी लावते. पहिल्या वर्षी मी उठून खात असे आणि मग ती बाराची भूक पुढच्या रात्रपाळीपर्यंत सुटतच नसे. आता घोटभर पाणी पितो आणि कूस बदलतो. चौथ्या रात्री जाग येत नाही.

सांगायचे असे, की वेळेवर लागलेली भूक वेळेवर उपाशी ठेवली तर ती वेळच विसरते. आणखी एक. अकरा वाजता भूक लागली, की समोर शिळी भाकरी आहे असे समजा. ती खावीशी वाटली तर भूक खरी आहे, खुशाल खावी. भाकरी नको आणि भडंगच हवे असेल, तर ती भूक नाही, ते दुसरेच काहीतरी आहे.

---

रुग्णसेविका (मिरज), ६ ऑगस्ट, दुपारी २.४५

तासगावकरांना दुखवण्याची इच्छा नाही, पण बेदाण्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. ज्यांचा आकडा ६.१ आहे त्यांनी रात्री अकरा वाजता मूठ-मूठ बेदाणे खाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे आहे. सकाळी चार-पाच बेदाणे कोणी खाल्ले तर हरकत नाही.

दोन गोष्टी हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते, कारण रात्रीची प्रत्येक भूक सवयीची नसते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसाला रात्री अचानक भूक लागली, हात थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडले, तर तिथे संयम दाखवायचा नसतो. घरी यंत्र असेल तर लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि असे वारंवार होत असल्यास औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आमच्या पाळीत असे रुग्ण पहाटे येतात, आणि नातेवाईक सांगतात, “रात्री खायला मागत होते, पण डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणून दिलं नाही.”

दुसरी गोष्ट म्हणजे काही जण झोपेतून उठून खातात, खाल्ल्याशिवाय त्यांना पुन्हा झोप लागत नाही, आणि सकाळी त्यांना अन्न नकोसे होते. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. दिवसभराच्या आहारातला पाव हिस्सा किंवा अधिक भाग रात्रीच्या जेवणानंतर जात असेल, किंवा आठवड्यातून दोन वेळा तरी खाण्यासाठी जाग येत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालले असेल, तर त्यामागे नैराश्य किंवा निद्रानाश असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ताईंचे प्रकरण मला तसे वाटत नाही; घशाशी येणारे आंबट मात्र उशिरा खाऊन लगेच आडवे होण्याचे आहे, आणि खाणे व झोपणे यांत दोन-तीन तासांचे अंतर पडले की ते बहुधा कमी होईल.

---

वह्यांचा ढीग, ६ ऑगस्ट, रात्री ११.१५

वाळव्याच्या दादांची भाकरीची परीक्षा आज प्रामाणिकपणे दिली. दुरडीत सकाळची भाकरी होती. तिच्याकडे पाहिले आणि मुळीच इच्छा झाली नाही. मग बसून विचार केला तेव्हा दुसरी एक गोष्ट ध्यानात आली: मे महिन्याच्या सुट्टीत मी एकदाही डबा उघडला नव्हता. रात्री बारापर्यंत जागी असायचे, दूरदर्शन पाहायचे, गप्पा व्हायच्या, पण भडंग आठवत नव्हते. म्हणजे माझा हात वह्यांपायी डब्याकडे जातो. एकच निबंध चाळीस वेळा वाचायचा, ‘माझा आवडता ऋतू’, आणि चाळीसपैकी पस्तीस जणांचा पावसाळा. प्रत्येक पाच वह्यांनंतर स्वतःला काहीतरी बक्षीस द्यावे, तसे ते भडंग असते.

---

रोखपाल (सांगली, निवृत्त), ७ ऑगस्ट, सकाळी ९.००

मग टेबल बदला. वह्या स्वयंपाकघरातून बाहेर काढा, हा माझा पहिला आणि खरे तर एकमेव सल्ला आहे.

आम्ही सांगलीचे जैन. माझ्या लहानपणी दिवस मावळायच्या आत घरातली चूल थंड झालेली असे. आजी सूर्यास्तानंतर काही खात नसे. तो व्रताचा भाग होता. त्यामागे जीवहिंसा टाळण्याची भावना होती, साखरेचा किंवा वजनाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पण आम्हा मुलांना तो नियम जाचक वाटल्याचे आठवत नाही, कारण नियम पाळायचा तर घरातले सर्वच पाळत. संध्याकाळनंतर स्वयंपाकघरात दिवाच नसायचा. अंधारात चाचपडत जाऊन काही शोधावे, असे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे बँकेच्या नोकरीत बदल्या झाल्या, परगावी एकटा राहू लागलो आणि सहा महिन्यांत रात्री साडेदहाला फरसाणाची पिशवी उघडू लागलो. माणूस तोच होता, श्रद्धाही तीच होती. फक्त खोलीत एकच दिवा होता, आणि त्याच्या उजेडात हिशेबाची वही आणि पिशवी शेजारी शेजारी असत. सांगलीला परत आल्यावर एका चातुर्मासात रात्रिभोजनत्यागाचा नियम पुन्हा धरला तो आजतागायत आहे. तरी पहिले दोन महिने अवघड गेले, हे लपवत नाही.

आहारतज्ज्ञांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. बाईंनी सगळा आहार एकदम बदलावा, असे त्यांच्या उत्तरावरून वाटते. नोकरी करणाऱ्या आणि चार जणांचे डबे भरणाऱ्या बाईला ते निभावणार नाही. एक वेळी एकच बदल करावा.

---

आहारतज्ज्ञ (सातारा), ७ ऑगस्ट, दुपारी १.३०

मतभेद मान्य. एकच निवडायचे असेल तर साडेपाचची वाटी निवडा, दुसरे निवडायचे असेल तर रोखपालसाहेबांचे टेबल. एकवीस दिवसांत सवय लागते, असे कोणी सांगितले तर त्यावर मात्र विसंबू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. त्याच अभ्यासात असेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. म्हणून चुकलेल्या रात्रीनंतर येणाऱ्या रविवारी नव्याने निश्चय करण्याची गरज नाही. सोमवारी साडेपाचला वाटी घ्यायची, एवढेच.

---

वह्यांचा ढीग, २० सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

सहा-सात आठवडे झाले, म्हणून हकिगत कळवते.

वह्या आता स्वयंपाकघरात येत नाहीत. निम्म्या शाळेतच, रिकाम्या तासाला होतात. उरलेल्या पहाटे साडेपाचला, हॉलमधल्या खिडकीपाशी. पहाटे ‘माझा आवडता ऋतू’ वाचताना मला भडंग आठवत नाही, असे का हे आहारतज्ज्ञांनीच सांगावे. झोप साडेदहाला लागते. घशाशी येणारे आंबट पहिल्या पंधरा दिवसांतच थांबले. वजन दीड किलोने उतरले आहे. साखर नोव्हेंबरमध्ये तपासणार आहे. चार रात्री चुकले, त्यांतल्या दोन गौरी-गणपतीतल्या होत्या, त्या मी धरत नाही. सकाळची खारी सुटलेली नाही, हेही कबूल करते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ऑगस्टच्या मध्यावर मी धीर करून यजमानांना सांगितले, की भडंग आणत जाऊ नका. ते म्हणाले, “मी कुठे आणतो?” मग चौकशी झाली. डबा सासूबाई भरत होत्या. त्या दुपारी घरीच चुरमुरे परतून, लसूण-शेंगदाणे तळून भडंग करत आणि डबा जिथल्या तिथे ठेवून देत. मी विचारले तर म्हणाल्या, “अगं, रोज रात्री झाकण फिरवल्याचा आवाज येतो. पोर एवढी जागून वह्या तपासते, तिला भूक लागत असेल, म्हणून डबा कधी रिकामा ठेवला नाही.” दोन वर्षे मी त्यांना कळू नये म्हणून अंगठ्याने कड दाबत होते आणि त्या मला कमी पडू नये म्हणून जागत होत्या.

आता साडेपाचला मी घरी आले, की आम्ही दोघी बसतो. मोडाची मटकी आणि त्यावर मूठभर भडंग, बारीक चिरलेला कांदा, लिंबू. सासूबाई स्वतः वाटीने मापून घालतात, आणि दुसरी वाटी मागितली तर डबा उचलून आपल्या खोलीत नेतात.

एक शंका उरली आहे. परवा रात्री पावणेबाराला मला जाग आली, ती झाकणाच्या आवाजाने. सासूबाईंच्या खोलीतून डबा बाहेर आणून चिरंजीव भूमितीचे पुस्तक पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते. तो पंधरा वर्षांचा आहे, अंगाने किडकिडीत आहे आणि संध्याकाळी सहा ते आठ शिकवणीला असतो. त्याला रागावू की खाऊ देऊ?

---

आहारतज्ज्ञ (सातारा), २० सप्टेंबर, रात्री ८.२०

वाढत्या वयाच्या मुलाला रागावू नका. शिकवणीहून आल्यावर आठला त्याला पोटभर जेवू घाला आणि बारापर्यंत अभ्यास असेल तर साडेदहाला कपभर दूध द्या. तो दीडच्या सुट्टीत काय खातो, ते मात्र विचारून कळवा.

---

पाणीपाळी (वाळवा तालुका), २० सप्टेंबर, रात्री ८.५५

आणि त्याला शिळी भाकरी दाखवून बघा. या वयात तो तीही खाईल.